ओंडका तरंगतो, मग टाचणी का बुडते? बादली आणि वजनकाटा घेऊन स्वतःच पडताळून पाहा

चार माणसांना न हलणारा ओंडका पाण्यावर निवांत पडून राहतो आणि चिमटीत जाणवतही नाही अशी टाचणी थेट तळ गाठते. कारण विचारलं की बहुतेकांकडून दोनच उत्तरं येतात. एक, 'हलकं असतं ते तरंगतं.' दुसरं, 'आत हवा असते म्हणून.' पहिलं उत्तर ओंडक्यानेच खोडून काढलंय. दुसरं अर्धवट आहे, कारण मेणबत्तीच्या भरीव मेणात हवा नसते, तरी ते तरंगतं. शाळेत पाठ केलेलं आर्किमिडीजचं तत्त्व हाताशी असतं, पण ते वाक्य पाठच राहतं, पटत नाही. निदान मला तरी ते काट्यावर पाहीपर्यंत पटलं नव्हतं.

खालचे प्रयोग त्याच क्रमाने करा. एकातून दुसरा निघतो, आणि तिसरा टाळलात तर पुढचे नुसती गंमत म्हणून उरतील. सगळं मिळून दोन-अडीच तास लागतात.

काय काय लागेल

एक बादली, झाकण घट्ट बसणारी एक लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, रुंद तोंडाचा पारदर्शक पेला, दोरा, सुई, ॲल्युमिनियम फॉइल, खेळायची माती (प्लॅस्टिसिन), एक स्ट्रॉ, मीठ, काचेचा ड्रॉपर आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड. बुडवायला दगड, कुलूप, लाकडाचा ठोकळा, मेणबत्तीचा तुकडा, खोडरबर, जे सापडेल ते. काट्याखाली फडकं अंथरा, पाणी सांडणारच. आणि घरात रांगतं मूल असेल तर काम झाल्यावर बादली लगेच रिकामी करा, तशीच ठेवू नका.

१. आधी अंदाज कागदावर

प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'तरंगेल' की 'बुडेल' ते लिहा, मगच बादलीत सोडा. तोंडी अंदाज चालत नाही. वस्तू बुडाली की 'मला वाटलंच होतं' असं प्रत्येकाला वाटतं. खोडरबर आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर लोक हमखास चुकतात. बाटलीचं झाकण सहसा तरंगतं, पण त्याच बाटलीचा कापलेला तुकडा बुडतो. दोन्ही प्लॅस्टिकच, पण झाकणाच्या प्लॅस्टिकची घनता (एका घन सेंटीमीटरचं ग्रॅममधलं वजन, पाण्याचं १) साधारण ०.९ ते ०.९६ आणि बाटलीच्या प्लॅस्टिकची १.३८.

२. बाटली दाबा, हाताला कळू द्या

रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि ती बादलीत आडवी धरून हळूहळू खाली दाबा. जितकी बाटली पाण्यात जाईल तितका हाताला रेटा वाढत जातो. पूर्ण बुडाली की साधारण एक किलोचं ओझं उलट्या दिशेने पेलतोय असं वाटतं. आता ती आणखी खोल न्या. इथे थांबून नीट लक्ष द्या: रेटा आता वाढत नाही. खोल गेल्यावर पाणी जास्त जोराने वर ढकलतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ती इथेच निकालात निघते.

असं का, ते एका ठोकळ्याच्या हिशोबाने पाहू. पाण्यात दर सेंटीमीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक ग्रॅम वजनाइतका दाब वाढतो. १० सेंटीमीटर बाजूचा ठोकळा घ्या, ज्याचा वरचा पृष्ठभाग पाण्याखाली ५ सेंटीमीटरवर आणि खालचा १५ वर आहे. प्रत्येक पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरचा. वरून खाली दाबणारं बल ५०० ग्रॅम वजनाइतकं, खालून वर ढकलणारं १,५०० ग्रॅमइतकं. फरक १,००० ग्रॅम. तोच ठोकळा अर्ध्या मीटरवर न्या: वरून ५,०००, खालून ६,०००. फरक पुन्हा १,०००. आजूबाजूचे दाब एकमेकांना रद्द करतात, त्यांचं काही चालत नाही.

आणि हे १,००० ग्रॅम म्हणजे काय? ठोकळ्याने अडवलेल्या जागेत बरोबर एक लिटर पाणी मावतं, त्याचं वजन. हा योगायोग नाही. ठोकळा येण्याआधी त्या जागी एक लिटर पाणी होतं आणि ते ना वर जात होतं ना खाली. म्हणजे आजूबाजूचं पाणी त्याला पेलून धरत होतं. आता त्या जागी लाकूड आलं काय किंवा शिसं आलं काय, आजूबाजूच्या पाण्याला त्याचा पत्ता नाही. ते पूर्वीइतकाच रेटा देत राहतं. शाळेच्या पुस्तकात याला प्लावक बल म्हणतात, आणि ते बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं हेच आर्किमिडीजचं तत्त्व.

मग निवाडा सोपा आहे. वस्तूचं वजन तिने अडवलेल्या जागेतल्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर ती खाली जाते, कमी असेल तर वर येते.

३. पेला काट्यावर ठेवा

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. पेला दोन तृतीयांश भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता एक बोट पाण्यात बुडवा, पेल्याला कुठेही न टेकवता. काटा पाच-दहा ग्रॅम दाखवायला लागेल. बोट काट्याला लागलेलं नाही, पेल्याला लागलेलं नाही, मग वजन कशाचं? पाणी बोटाला वर ढकलतंय, म्हणून बोट पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतंय. काट्यावरचा आकडा म्हणजे तो रेटा, ग्रॅममध्ये.

आता दगड घ्या.

दगड कोरडा असताना त्याचं वजन करून लिहून ठेवा. माझ्याकडचा काळा दगड २३७ ग्रॅमचा.

पाण्याचा पेला ठेवून काटा पुन्हा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधा आणि तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबता धरा. आकडा वाचा. माझा ८१ आला.

म्हणजे दगडाने ८१ ग्रॅम पाणी बाजूला सारलं, अर्थात त्याचं आकारमान ८१ घन सेंटीमीटर. २३७ भागिले ८१ म्हणजे २.९३. हा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट घन आहे. बेसॉल्टची घनता या आसपासच असते, ग्रॅनाइटची थोडी कमी, २.६५ ते २.७.

आता दोरा सैल सोडून दगड तळाला टेकवा. आकडा उडी मारून २३७ वर जाईल. आधी ८१ ग्रॅम पाणी पेलत होतं आणि उरलेले १५६ तुमचा दोरा. आता ते १५६ पेल्याच्या तळावर आले.

या पद्धतीत चुका होतात त्या अशा. सगळ्यात छळवादी बुडबुडे. मी पितळी कुलूप मोजलं तेव्हा वजन १४२, बुडवल्यावर २०, घनता ७.१ आली. पितळ साधारण ८.४ ते ८.७ असतं, म्हणून मी अर्धा तास काट्यावर संशय घेत बसलो. मग कुलूप पाण्यातच हलवलं तर किल्लीच्या भोकातून बुडबुड्यांची माळ निघाली. पुन्हा मोजलं तर १८, म्हणजे ७.९. उरलेला फरक पोलादी कडीचा आणि आत अजून कुठे अडकलेल्या हवेचा असावा. दुसरी चूक फार छोट्या वस्तूंची. एक ग्रॅमच्या काट्यावर एक नाणं मोजू नका, सारखी पंधरा-वीस नाणी एकत्र बांधून मोजा. तिसरी, लाकूड आणि खडू पाणी पितात, त्यांचा आकडा झटपट वाचा.

पातळी किती वाढली ते पट्टीने मोजण्यापेक्षा काटाच का, याला जुनं कारण आहे. मुकुटातली भेसळ पकडण्यासाठी आर्किमिडीजने सांडलेलं पाणी मोजल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती गोष्ट सांगणारा रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस त्याच्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी झाला. हिशोब करून पाहा: एक किलो शुद्ध सोनं (घनता १९.३) सुमारे ५२ घन सेंटीमीटर जागा घेतं. त्यात ३०० ग्रॅम चांदी (१०.५) घातली तर सुमारे ६५. फरक १३. वीस सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात त्यामुळे पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा बदलत नाही. पाण्यात बुडवून तोलणं मात्र हा फरक सहज पकडतं. गॅलिलिओलाही हेच वाटलं होतं. १५८६ मध्ये, वयाच्या बाविशीत, त्याने अशाच कामासाठी एक तराजू सुचवला.

४. तरंगणारी वस्तू त्याच काट्यावर

लाकडाचा ठोकळा कोरडा तोला. समजा ४२ ग्रॅम आहे. काटा शून्यावर आणून ठोकळा पाण्यावर अलगद सोडा. काटा ४२ दाखवेल. आता सुईच्या टोकाने ठोकळा पूर्ण बुडेपर्यंत दाबा, पण त्याहून खोल नको. आकडा वाढत वाढत, समजा, ६४ वर थांबतो. ठोकळ्याचं आकारमान ६४, वजन ४२, घनता ०.६६.

आता दुसऱ्या अंगाने बघा. मोकळा तरंगताना ठोकळ्याने ४२ ग्रॅमच पाणी सारलं होतं, म्हणजे बरोबर स्वतःच्या वजनाइतकं. ६४ पैकी ४२ घन सेंटीमीटर पाण्याखाली, बाकी वर. म्हणून घनता ०.६६ असलेली वस्तू ६६ टक्के बुडून तरंगते. बर्फाची घनता ०.९१७ आणि समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५, म्हणून हिमनगाचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाण्याखाली दडलेला असतो.

बर्फाचा खडा टाकून पेला काठोकाठ भरा आणि वितळू द्या. पाणी सांडत नाही. बर्फाने स्वतःच्या वजनाइतकंच पाणी सारलं होतं, आणि वितळल्यावर तेवढंच पाणी झालं, ते त्याच खड्ड्यात बसलं.

सगळीच लाकडं तरंगत नाहीत हेही इथेच सांगून टाकतो. बाल्सा लाकूड ०.१६ च्या आसपास, सागवान ०.६५ च्या आसपास, पण काही आबनूस लाकडं एकापेक्षा जास्त घनतेची असतात आणि सरळ तळाला जातात.

५. तोच धातू, दोन निकाल

फॉइलचे सारखे दोन चौकोन कापा, ३० सेंटीमीटर बाजूचे. घरगुती फॉइलचा असा तुकडा चार-पाच ग्रॅमचा असतो. एकाचा ढिला चेंडू करा, तो तरंगेल. दुसऱ्याची घट्ट गोळी वळा आणि हातोडीने ठोकून चपटी करा. पहिल्या दोन-चार ठोक्यांनंतर पाण्यात सोडून पाहा, बहुधा अजून तरंगतच असेल. ठोकत राहा. ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे, म्हणजे गोळीत ६३ टक्क्यांहून जास्त जागा हवेची असेपर्यंत ती तरंगणार. ती हद्द ओलांडली की बुडणार. हातातलं वजन कणभरही बदललेलं नसतं.

आता १५ सेंटीमीटरचा चौकोन घ्या, चारही कडा तीन सेंटीमीटर वर दुमडा, कोपरे न फाडता दाबून घ्या. ९ बाय ९ चा तळ, ३ उंच, म्हणजे कमाल २४३ घन सेंटीमीटर पाणी सारायची क्षमता. नाव स्वतः एखाद्या ग्रॅमची. कागदावर ती २४० ग्रॅम ओझं वाहू शकते. एक-एक नाणं किंवा नट टाकत जा, आधी मध्यभागी, मग कोपऱ्यांत सारखं वाटून. बुडाली की ओझं तोला. कागदावरचा आकडा सहसा गाठता येत नाही, कारण एखादी कडा आधी कलते आणि तिथून पाणी आत शिरतं. कडा चार सेंटीमीटरच्या करून तळ सात बाय सातचा केला तर क्षमता १९६ वर येते. कोणता आकार जास्त वाहतो, ही स्पर्धा मुलांमध्ये तासभर सहज चालते.

पोलादी जहाज हीच नाव आहे. पोलादाची घनता ७.८५, पण पाण्याशी गाठ पडते ती पोलाद, माल, यंत्रं आणि आतली हवा मिळून झालेल्या एका मोठ्या आकाराची. भोक पडलं की आतली हवा जाते, पाणी येतं, आणि हिशोब पुन्हा पोलादावर येऊन ठेपतो.

६. वस्तू तीच, पाणी बदला

स्ट्रॉच्या एका टोकात माती ठासून भरा, आत दोन-तीन बारीक खिळे टाका. पाण्यात ती सरळ उभी तरंगायला हवी. आडवी पडली तर खिळे वाढवा, बुडाली तर कमी करा. खालचं टोक पाण्याखाली बरोबर १० सेंटीमीटर राहील असं वजन जमवलंत तर पुढचा हिशोब सोपा होतो. तिथे पक्क्या शाईच्या पेनाने खूण करा.

१०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ ढवळून विरघळवा (याहून फारसं विरघळत नाही), याच प्रमाणात मिठाचं पाणी करून उंच पेला भरा आणि स्ट्रॉ सोडा. खूण पाण्याच्या वर येईल. बुडालेला भाग मोजा आणि १० ला त्याने भागा. ८.३ सेंटीमीटर आलं तर घनता १.२. खाद्यतेलात उलट होतं, स्ट्रॉ जवळजवळ ११ सेंटीमीटर बुडते, म्हणजे घनता ०.९२ च्या घरात. या साधनाला उत्प्लवमापी म्हणतात. गाडीच्या बॅटरीतलं आम्ल तपासायला मेकॅनिक हेच वापरतात. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत आकडा १.२६ ते १.२८ दाखवतो.

मृत समुद्राच्या पाण्याची घनता १.२४ च्या जवळपास आहे, म्हणून तिथे माणसाला तळाकडे जायचं म्हटलं तरी सहज जमत नाही. साध्या पाण्यात आपण काठावर असतो: छाती भरून श्वास घेतला की एकापेक्षा जरा कमी, पूर्ण सोडला की जरा जास्त.

जहाजांनाही हा फरक सोसावा लागतो. समुद्रात १०,००० टन वजनाचं जहाज साधारण ९,७५६ घनमीटर पाणी सारतं. तेच नदीच्या मुखातून गोड्या पाण्यात शिरलं की त्याला १०,००० घनमीटर सारावं लागतं, म्हणजे ते आणखी खाली बसतं. जहाजाच्या कुशीवर, ते कुठवर बुडू द्यायचं ते दाखवणाऱ्या भाररेषा रंगवलेल्या असतात, त्यात गोड्या पाण्याची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. जास्त माल लादून जहाजं बुडत आणि खलाशी मरत, त्याविरुद्ध ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिम्सॉल झगडला, आणि १८७६ च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली. आजही तिला त्याचंच नाव आहे.

७. बाटलीतला पाणबुड्या

ड्रॉपरमध्ये थोडं पाणी ओढून तो पेल्यात सोडा. त्याचं रबरी टोक जेमतेम पाण्यावर दिसेल इतकं पाणी आत-बाहेर करून जमवा. याच जमवाजमवीत सगळं यश आहे. मग बाटली अगदी तोंडापर्यंत भरा, ड्रॉपर आत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दोन्ही हातांनी आवळा. ड्रॉपर खाली जातो, हात सैल केला की वर येतो.

दाबताना ड्रॉपरच्या नळीत पाहा. आतलं पाणी किंचित वर चढतं. हवा दबते, पाणी शिरतं, तेवढ्यानेच पारडं फिरतं. कितीही आवळून खाली जात नसेल तर आत हवा जास्त आहे. एकदा गेला तो वर आलाच नाही तर पाणी जास्त झालंय, कारण तळाशी दाब थोडा अधिक असतो आणि तेवढा अधिक दाबच हवा दाबून धरायला पुरतो.

बरेच मासे पोटातल्या हवेच्या पिशवीने हाच तोल सांभाळतात. शार्कला ती पिशवी नसते, तो तेलाने भरलेल्या मोठ्या यकृतावर आणि पोहण्यावर भागवतो. पाणबुडी मात्र हवा दाबत बसत नाही, ती टाक्यांत समुद्राचं पाणी घेते आणि वर यायचं झालं की दाबलेली हवा सोडून ते बाहेर ढकलते.

८. तरंगणं वेगळं, उभं राहणं वेगळं

रिकाम्या पेल्याला पाण्यावर उभं तरंगवा, तो कलंडतो. तळाशी मातीचा गोळा चिकटवा, सरळ उभा राहतो. ओझं वाढलं तरी तोल सुधारला. वजन खाली असेल तर कलल्यावर पाण्याचा रेटा त्याला परत सरळ करतो, वर असेल तर आणखी कलंडवतो. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोममध्ये स्वीडनची 'वासा' ही नवी युद्धनौका पहिल्याच सफरीत सुमारे १,३०० मीटर जाऊन बुडाली. ती तरंगत होती, पण वरून जड होती. वाऱ्याच्या झोताने कलली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं. १९६१ मध्ये तिला वर काढलं.

एक फसवा तरंगणारा

कोरडी सुई टिश्यू कागदाच्या कपट्यावर ठेवून कपटा पाण्यावर सोडा. कागद भिजून बुडतो, सुई वर राहते. हे प्लावक बलाचं काम नाही, सुईचं पोलाद तर पाण्याच्या जवळजवळ आठपट घन. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि तो सुईला झेलतो. जवळून पाहा, सुईच्या दोन्ही बाजूंना पाणी वाकलेलं दिसेल. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, सुई खाली. म्हणूनच छोट्या, हलक्या वस्तू पडताळताना पाण्यात तो थेंब आधीच टाकावा, नाहीतर निकाल खोटे येतात.

आता एक पैज

मोठ्या पारदर्शक भांड्यात पाणी घ्या. त्यावर प्लॅस्टिकचा डबा तरंगवा, डब्यात तिसऱ्या प्रयोगातला दगड ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावा. दगड डब्यातून उचलून पाण्यात सोडायचा. पातळी वाढेल, तेवढीच राहील की उतरेल? आसपासच्या सगळ्यांकडून उत्तर लिहून घ्या, मगच सोडा.

दगड पाण्यात पडतो, तरी पातळी उतरते. डब्यात असताना माझ्या दगडाने २३७ ग्रॅम पाणी सारलं होतं. तळाला गेल्यावर तो आपल्या आकारमानापुरतं, ८१ ग्रॅमच सारतो. भांडं जितकं अरुंद, तितका हा फरक चिकटपट्टीखाली ठळक दिसतो.